बेहड्यांची टोपली आणि माझे पाचशे जोर

गिरणीतून बारा दिवसांची सुट्टी काढणं सोपं होतं. बदली कामगाराला कोण अडवतो? मी नसलो तर माझ्या मागावर दुसरा उभा. अवघड होतं ते वस्तादांना सांगणं. मी आखाड्यात जाऊन म्हणालो, "वस्ताद, शिवरात्रीला गावाकडं जाऊन येतो." त्यांनी वर न बघता वहीचा कागद फाडला, त्यावर लिहिलं, पाचशे जोर, हजार बैठका, रोज, आणि माझ्या हातात कोंबला.

"गावाला जा नाहीतर लंकेला जा. हा आकडा चुकला तर मला अंग बघूनच कळतं."

सोलापुरातल्या आपल्या मंडळींना हे सांगायला नको, पण वाचनालयाच्या भिंतीवर हे लावलं की बाहेरचेही वाचतील, म्हणून सांगतो. होळीनंतर गिरण्यागिरण्यांच्या कुस्त्या होतात. आपल्या गिरणीकडून जो चांगला लढतो त्याला मॅनेजर कायम करतो. मला कायम व्हायचं होतं, कारण कायम झालो की खोली मिळेल आणि खोली मिळाली की आईला आणता येईल. बाबा गेल्यापासून आई माझ्या मोठ्या बहिणीच्या सासरी राहते. लेकीच्या घरी राहणारी आई कशी जेवते हे ज्यानं पाहिलंय त्याला पुढचं बोलायला नको.

आणि खरी गोष्ट ही, की सहा महिन्यांपासून आखाड्याचं दार दिसलं की मला मळमळायचं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. वस्ताद छडी घेऊन मागं उभे राहायचे आणि आकडा म्हणायचे. त्यांचा आवाज चारशेच्या पुढं गेला की माझ्या पोटात गोळा यायचा. गावाला निघालो तेव्हा मनात पक्कं होतं, की परत येऊन आखाडा सोडायचा. आईला हे तोंडावर सांगायचं, एवढ्यासाठीच मी चाललो होतो. पत्रात लिहायची हिंमत नव्हती, आणि आईला वाचता येत नाही, पत्र तिला दुसऱ्यानंच वाचून दाखवावं लागतं.

आता रस्ता सांगतो. सोलापूरहून वाडी, वाडीला गाडी बदलायची, मग सिकंदराबाद, काझीपेठ, बल्लारशा, चांदा. दोन रात्री जातात. काझीपेठेला गाडी बराच वेळ थांबते, तिथं पानावर इडली मिळते, खाऊन घ्या, पुढं बल्लारशापर्यंत चहाशिवाय काही नाही. तिसऱ्या वर्गात बाकावर जागा मिळाली नाही तर दाराशी बसा, पण काझीपेठेच्या पुढं बसा. रुळाच्या दोन्ही अंगाला झाडी चालू होते ती थांबतच नाही. माझ्या शेजारी बार्शीचा एक कापडवाला होता, तो तासभर बाहेर बघत बसला आणि म्हणाला, "एवढ्या झाडांना पाणी कोण घालतं?" मी हसलो, पण सोलापूरच्या माणसाला हा प्रश्न पडणारच.

बल्लारशाला बांबूच्या राशी दिसल्या. घरांपेक्षा उंच. तिथून चांदा जवळ. चांद्याला उतरलात की टांगा करून दुसऱ्या स्टेशनावर जायचं, कारण मूलकडं जाणारी छोटी गाडी तिकडून सुटते. टांगेवाला परकोटाच्या दरवाजातून नेतो, तेवढा किल्ला फुकटात बघून होतो. छोट्या गाडीची गंमत अशी, की चढ लागला की पोट्टे खाली उतरतात, बोरं तोडतात आणि पळत येऊन पुन्हा चढतात. गार्ड शिव्या देतो, पण गाडी काही वेग घेत नाही.

मूलला माझं लहानपण गेलं, त्यामुळं तिथं काय बघावं हे मला सांगता येत नाही. तांदळाच्या गिरण्या, कोंड्याचा धूर आणि बाजार. बाजारात झिंगे घेतले, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, वांग्यात टाकायला, बहिणीला आवडतात म्हणून. मूलहून लॉरीत बसून सावली, सावलीहून पुढं वैनगंगेच्या काठी. लॉरीवाला दाटीवाटीनं माणसं भरतो आणि तांदळाच्या पोत्यावर बसायचे जास्त घेतो, कारण ते मऊ. नदी डोंग्यातून ओलांडायची, दोन आणे. पाणी या दिवसांत कमरेएवढं असतं, चालतही जाता येतं, पण डोंगेवाल्यानं मला विचारलं, "काऊन गा, पैसे वाचवाले मगरीले पाय दाखवतं का?" मी दोन आणे दिले.

पलीकडं गडचिरोली, आणि गडचिरोलीहून चामोर्शीच्या वाटेवर बाईचं सासर. बाई म्हणजे माझी मोठी बहीण, आमच्याकडं मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. तिचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, बैलगाडी घेऊन आले होते. त्यांच्या गाडीच्या मागं आणखी दोन गाड्या, कारण एकट्यानं त्या वाटेनं जात नाहीत. मध्येच बैल थांबले आणि भाऊजींनी खाली वाकून धुळीत बोट दाखवलं. पंजा. माझ्या तळहाताहून मोठा. "सकाळचा आहे," ते म्हणाले, जणू दूधवाला येऊन गेला असावा. सगळीकडं पळस पेटलेला, आणि मी त्या पंजाकडं बघत गाडीत पाय वर घेऊन बसलेलो.

पन्नासेक घरांचं गाव. आई परसातल्या खोलीत होती. मला बघून म्हणाली, "आला गा बाबू. किती वाळला." मी वाळलो नव्हतो, माझी छाती तिच्या डोळ्यासमोर होती. पण ती तोंडाकडं बघत होती. जेवताना ती सगळ्यांच्या मागून बसली आणि कोणी बोललं नसताना दोनदा म्हणाली, "मले पुरे." त्यावेळी मी सांगणार होतो ते सांगू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे कागद खिशात घालून भाऊजींना विचारलं, इथं आखाडा आहे का?

"आहे ना! रहीमभाऊचा. चल."

रहीमभाऊ म्हणजे म्हातारा लोहार, गाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवणारा. अंगणात भट्टी, भट्टीच्या मागं गवताचं छप्पर, सागाचे चार खांब, खाली वारुळाची चाळलेली माती. दाराशी एक टोपली, बेहड्याच्या वाळक्या फळांनी भरलेली. येणारा प्रत्येक जण वाकायचा, टोपलीतून काही बेहडे उचलायचा, आपल्या जागेशी ठेवायचा आणि जोर मारायला लागायचा. दहा झाले की एक बेहडा टोपलीत परत. कोणी आकडा म्हणत नव्हतं. रहीमभाऊ एका ओंडक्यावर बसून विडी ओढत होते आणि लोकांकडं बघतसुद्धा नव्हते.

मी थक्क झालो. हा कसला वस्ताद?

मी पाचशे जोरांचे पन्नास बेहडे मोजून घेतले, दोन्ही ओंजळी भरून, जरा सगळ्यांना दिसेल असे. माझ्या शेजारी सोमा नावाचा गोंड माणूस होता, रानात बांबू तोडतो. त्याचे दंड माझ्या मांड्यांएवढे. त्यानं तीन बेहडे उचलले. तीन! तीस जोर मारले, तिन्ही फळं परत टाकली, मातीत पसरला आणि गुणगुणत राहिला. मी मनात म्हणालो, हा काय लढणार.

तिसाव्या बेहड्याला मला छपरामागं जाऊन ओकावं लागलं. परत येऊन उरलेले वीस पुरे केले. कोणी शाबास म्हणालं नाही. कोणी हसलंही नाही. ते मला हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जी चूक केली ती सांगतो, तुम्ही गेलात तर करू नका.

भाऊजी माझ्या शेजारी जोर मारत होते. त्यांच्याजवळ शेवटचा बेहडा उरला होता. आपल्याकडं जसं करतो तसं मी चार बेहडे उचलले आणि त्यांच्यापुढं ठेवले. "मारा भाऊजी आणखी चाळीस! मर्द आहात का कोण?"

सगळं थांबलं. खरंच थांबलं. सोमा अर्ध्या जोरात होता, तसाच पालथा राहिला. भाऊजींचं तोंड असं झालं, जणू मी त्यांच्या ताटात हात घातला.

रहीमभाऊंनी विडी विझवली. "पाणी," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना प्यायला पाणी हवंय. भाऊजी हळूच म्हणाले, "विहिरीवरून. सगळ्यायच्या आंघोळीचं. दुसऱ्याच्या बेहड्याले हात लावला का पाणी भरा लागते."

वीस माणसांचं पाणी मी विहिरीतून ओढलं. सोलापूरचा पैलवान, आणि गावातल्या बाया कळशी घेऊन थांबलेल्या, मला बघून पदर तोंडाशी लावून हसताहेत. एक म्हातारी म्हणाली, "पावण्या, कोणाच्या बेहड्याले हात लावला गा? इथं बायको दुसऱ्याची पळवली तं एवढं पाणी भरत नाई."

मी रागानं रहीमभाऊंकडं गेलो. "भाऊ, वस्ताद असा असतो का? माणसाला जोर लावायला कोणीतरी मागं लागतं. माणूस आपल्या मनानं कधी करतो का?"

ते उठले आणि मला भट्टीपाशी घेऊन गेले. तिथं चाळिशीचा एक माणूस काम करत होता. जमिनीवर चाक आडवं ठेवलेलं, गोवऱ्यांच्या विस्तवात लोखंडी धाव लाल झालेली. दोघांना उचलावी लागते ती धाव त्यानं सांडशीनं एकट्यानं उचलली, चाकावर बसवली आणि घणानं ठोकली.

"हा माया करीम," रहीमभाऊ म्हणाले. "पोरगा. लहानपणापासून मी त्याले मोजून द्याचो. एक जास्त झाला तं शाबास, एक कमी झाला तं चाबूक. असा पठ्ठा झाला, बेटा, चांद्यापासून सिरोंच्यापर्यंत त्याची पाठ कोणी मातीले लावली नाई. एक दिवस फड जिंकून आला, लंगोट खांबाले टांगला अन् बाहेर गेला. वीस वर्सं झाले. आत पाय नाई टाकला."

"भांडण झालं?"

"भांडण कायचं? संग जेवते, संग काम करते. आखाड्याचं नाव काढलं का उठून जाते." त्यांनी आखाड्याच्या दाराकडं हात केला. "मंग मी टोपली ठेवली. तवा आखाड्यात बाकीचे पोट्टे होते, त्यायच्यासाठी."

भट्टी आणि आखाडा यांच्यात दहा पावलं नाहीत. वीस वर्षं हा माणूस ती दहा पावलं चालला नव्हता. रहीमभाऊ आत गेल्यावर मी करीमभाऊंना विचारलंच. "भाऊ, तुम्ही सोडलं कशाला?"

ते धावेवर पाणी ओतत होते. वाफ एवढी उठली की त्यांचं तोंड दिसेना. वाफेतून आवाज आला. "मी कवा धरलं होतं?"

मी तिथून घरी आलो. बाईनं झिंगे घातलेलं वांगं केलं होतं, भाताबरोबर, लाखोळीच्या डाळीबरोबर. काय जेवलो ते आठवत नाही. करीमभाऊंच्या जागी वीस वर्षांनंतरचा मी दिसत होतो, मागावर उभा, बाजूनं पोरं लंगोट बांधून आखाड्याकडं चाललीत, आणि मी मान फिरवतो.

आखाड्यातल्या माझ्या तिसऱ्या दिवशी कागद घरीच ठेवला. आखाड्याच्या दाराशी वाकलो, टोपलीत हात घातला आणि हात तसाच राहिला.

किती घेऊ?

हसू नका. खरंच कळेना. सहा वर्षांत मला कोणी हे विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. काल रात्री झोप लागली होती का, दंड दुखतात का, भूक आहे का, काहीच माहीत नाही. जणू हे अंग वस्तादांकडं ठेवायला दिलेलं होतं. मागं माणसं उभी राहिली.

"घे ना गा," सोमा म्हणाला. "बेहडे आहेत, विंचू नाई."

मी पाच उचलले. लाजेनं मुठीत झाकून नेले. पन्नास जोर मारले. मग गंमत झाली. पाचवा बेहडा टोपलीत टाकायला गेलो आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "अजून." मोठ्यानं निघालं असावं, कारण रहीमभाऊंनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मी आणखी सहा घेतले. मग चार. मग पुन्हा दहा. मध्ये सोमाशी बोललो, त्यानं त्या दिवशी चाळीस उचलले होते. मी विचारलं, परवा तीनच का? तो म्हणाला, "परवा रात्रीपर्यंत बांबू ओढले. आज जंगलाचा नाका बंद आहे, काम नाई. अंगाले माहीत राह्यते, त्यालेच पुसाचं." मग आणखी पंधरा बेहडे. घाम मातीत टिपटिप पडत होता, पोट शांत होतं, आणि मला आठवलं की लहानपणी मूलच्या तळ्यात पोहताना असंच वाटायचं.

शेवटी हिशेब केला तेव्हा चाळीस बेहडे झाले होते. चारशे जोर. कागदापेक्षा शंभर कमी, पण मला तर वाटलं होतं शंभरावर थांबेन. घरी येऊन तीन वेळा भात घेतला. बाई म्हणाली, "आज काय झालं याले?"

आता तुम्ही म्हणाल, चारशे मारले म्हणून बरं वाटलं, पाचशे मारले असते तर नसतं वाटलं. हे मलाही वाटलं. मी गिरणीतला माणूस, माग बिघडला तर एकेक भाग सुटा करून बघतो. म्हणून चौथ्या दिवशी भाऊजींना म्हणालो, मी तेच चारशे मारतो, तेवढ्याच वेळात, तसेच थांबत थांबत. फक्त तुम्ही आकडा म्हणा आणि कधी थांबायचं, कधी उठायचं ते तुम्ही सांगा.

"आखाड्यात नाई बाप्पा," भाऊजी घाबरले. "मले पाणी नाई भराचं."

मग आम्ही गोठ्यामागं गेलो. भाऊजी गरीब स्वभावाचे, त्यांना धड ओरडताही येत नाही. ते हळूच म्हणायचे, "एक... दोन... भाऊ, आता मार ना." छडी नाही, शिवी नाही. काल होते तेवढेच जोर, तेच अंग, तीच थंडी. पहिले पन्नास गेले. दीडशेला माझ्या पोटात गोळा आला. दोनशेला भाऊजींचा तो गरीब आवाज मला वस्तादांच्या आवाजासारखा ऐकू यायला लागला. अडीचशेला मी त्यांच्यावर ओरडलो, "जरा हळू म्हणा ना!" ते पहिल्यापेक्षा जोरात म्हणत नव्हते. मी उठून बसलो. भाऊजी म्हणाले, "मी काय केलं गा?"

त्यांनी काहीच केलं नव्हतं. तेच मला घाबरवत होतं. मी एवढे दिवस वस्तादांच्या छडीला दोष देत होतो. छडीचा यात फारसा भागच नव्हता. गोठ्याच्या दाराशी आई उभी होती, हातात शेणाची पाटी. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक.

पाचव्या दिवशी आम्ही सगळे गाडीनं मार्कंड्याला गेलो. चामोर्शीच्या पुढं, वैनगंगेच्या काठावर. शिवरात्रीची जत्रा. तुम्ही कधी गेलात तर जत्रेच्या आदल्या दिवशी पोहोचा, नाहीतर गाडी उभी करायला जागा मिळत नाही आणि नदीकाठची सावली सगळी आधीच गेलेली असते. जेवण बरोबर न्या, तिथं पुरी-भाजी मिळते पण तेल जुनं. देवळांबद्दल मला लिहिता येणार नाही. एक देऊळ म्हणून गेलो आणि आत बघतो तर देवळंच देवळं, दगडात माणसं, हत्ती, बाया, नाचणारे, सगळे आत्ताच थांबल्यासारखे. मी एका खांबाजवळ एवढा वेळ उभा राहिलो की मागची बाई म्हणाली, "पुढं सरक गा, देव पळून नाई चालला."

आंघोळीनंतर आई आणि मी वाळूत बसलो. भाऊजी आणि बाई पोरांना पाळण्यात बसवायला गेले होते. आई नदीकडं बघत म्हणाली, "बाबू, सोड तो आखाडा."

मी दचकलो. मी तिला एक शब्द बोललो नव्हतो.

"गोठ्यामागं तुले पायलं मी. तुया बाप मरायच्या आधी तसा चेहरा करत होता, औषध पेताना. काहाले करते मंग? मायासाठी? मी इथी बरी आहो. बाई आहे, जवाई चांगला आहे. मागून जेवलं तं का भूक कमी लागते?"

बारा दिवसांची सुट्टी काढून, दोन रात्री दाराशी बसून जे सांगायला मी आलो होतो, ते तिनंच सांगून टाकलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं.

"नाई," मी म्हणालो. "मले सोडाचा नाई."

ती माझ्याकडं बघत राहिली. माझाच माझ्या कानावर विश्वास बसेना. पण ते खरं होतं. त्या तिसऱ्या दिवशीचे चारशे जोर मला पुन्हा हवे होते.

"मंग?"

"वस्तादांना असं सांगतो, की व्यायाम तुमच्याकडंच करीन, डाव तुम्ही शिकवा. पण रोज किती, ते मी ठरवीन."

"ऐकतीन ते?"

"माहीत नाही."

"अन् नाई ऐकलं तं?"

नाही ऐकलं तर कुस्ती नाही, कुस्ती नाही तर कायम नाही, आणि कायम नाही तर ती इथंच. हे दोघांनाही माहीत होतं. तिनं वाळूतून उठताना माझ्या खांद्यावर हात टेकला आणि म्हणाली, "चाल, पाळणा पाहू." पाळण्यात मात्र ती बसली नाही.

परतीचा प्रवास तोच, फक्त उलटा, म्हणून लिहीत नाही. मूलच्या स्टेशनावर छोटी गाडी चार तास उशिरा आली एवढं लक्षात ठेवा आणि बरोबर चणे ठेवा.

सोलापूरला उतरलो त्याच संध्याकाळी आखाड्यात गेलो. वस्तादांनी दंड दाबून बघितला. "कमी पडलास."

मी सगळं सांगितलं. बेहडे, पाणी, करीमभाऊ, गोठा. तुमच्यातले बरेच जण तिथं होते, तुमची तोंडं मला आठवतात. वस्ताद शेवटपर्यंत ऐकून घेत होते, म्हणून मला वाटलं जमलं. मग ते म्हणाले, "का बे, जंगलातनं वस्ताद होऊन आलास? बाहेर."

बस, एवढंच. छडीसुद्धा उचलली नाही.

मी चाळीच्या गच्चीवर सुरू केलं. बेहडे नव्हते, खडे घेतले. कधी दोनशे, कधी सहाशे. हो, सहाशे. मलाच पटेना. एक दिवस तर वीस मारून गच्चीवर आडवा झालो आणि पतंग बघत बसलो, कारण आदल्या दिवशी डबल पाळी झाली होती. नवव्या दिवशी जिन्यावर पावलं वाजली. वस्ताद. ते कठड्याशी उभे राहिले. मी जोर मारत राहिलो. त्यांचे ओठ हलायला लागले, सवयीनं, आकडा म्हणायला.

"वस्ताद, मोजू नका," मी म्हणालो.

त्यांनी ओठ मिटले. मग माझ्या खड्यांकडं बघून म्हणाले, "तुझ्या वजनात दुसरा कोणी नाही माझ्याकडं. उद्यापासून ये. डाव मी सांगीन." आणि गेले. आकड्याबद्दल हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

कुस्त्या झाल्या, तुम्ही पाहिल्याच. दोन मारल्या, तिसरीत चीत झालो. मॅनेजरनं ज्याला कायम केलं तो मी नाही. आईला अजून एक वर्ष तिथंच राहावं लागणार, कदाचित दोन. हे मी गोड करून सांगत नाही. बाईला पत्र लिहायला बसलो आणि तीन ओळींच्या पुढं जाता आलं नाही.

पण हरल्याच्या दुसऱ्या दिवशी, भोंगा व्हायच्या आधी, मी जागा झालो आणि आखाड्याच्या दाराशी होतो. आधी हरलो की आठ-आठ दिवस अंगाला माती लावत नव्हतो. वस्ताद किल्ली घेऊन आले, मला बघून दचकले.

"आज कोणी सांगितलं तुला यायला?"

"कोणी नाही."

ते कुलपात किल्ली घालून तसेच थांबले. मग म्हणाले, "मी पण आपणहून कधी आलो होतो, आठवत नाही रे." दार उघडलं. आत माती काळोखात थंड होती, आणि आम्ही दोघं लंगोट बांधायला लागलो.